गोड्या पाण्याचा पेला

१८ नोव्हेंबर १९६१, शनिवार

बेटावर सुखरूप पोचलो. अल खोर बंदरातून पडावात बसलो, इथे उतरलो आणि जयगडच्या धक्क्यावर पाय ठेवल्यासारखं वाटलं. बेट एवढंसं, की विडी संपेस्तोवर फिरून व्हावं. थोडी घरं, समुद्रातल्या दगडाचीच बांधलेली. विहीर नाही. कंपनीचा पडाव दोह्याहून गोडं पाणी आणतो, ते टाकीत भरायचं आणि रोज सकाळी बायकांच्या घागरी भरून द्यायच्या, हे माझं काम. मुरूडचा मजीद इथे कंपनीचा क्लार्क आहे. मला बघून म्हणाला, चाचा, या वयात घरी कोणी भात वाढत नव्हतं का? तोंडाळ आहे, पण मायेचा. संध्याकाळी भात त्यानेच रांधला.

२१ नोव्हेंबर

शेजारच्या हजराबाईने काहवा, इथली कडू कॉफी, पाजला. वाटी रिकामी केली की ती पुन्हा भरायची, मी लाजून पुन्हा प्यायचो. पोटात नुसती डबडब. शेवटी मजीदने सांगितलं, नको असेल तर वाटी जरा हलवायची असते. सगळी बायामाणसं हसली, मीही हसलो. तिचा नवरा मोती काढायला बुडी मारायचा, तो वर आलाच नाही. आता मोत्यांचा धंदाही बसला. इथल्या बकऱ्या सुके मासे खातात. घरी बायकोला, रुकैयाला लिहिलं तर तिला खरं वाटायचं नाही.

उन्हं कलली, अस्रची नमाज झाली की बायका बाहेरची मडकी उचलून घरात नेतात. धूळ जाऊ नये म्हणून असेल.

२३ नोव्हेंबर, जुमेरात

आज गुरुवार, आमच्या पोराचा, फजलचा फातेहा दिला. दोन वर्षांमागे तो जयगडहून इकडे यायला निघाला, ते गलबत पोचलंच नाही. रुकैया अजून त्याचं अंथरूण उन्हात घालते. मीही पाणी वाटायला आलो, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे पोर ज्या समुद्रात आहे त्याच्याजवळ राहायला आलो.

आमच्याकडे फातेहाला पाण्याचा पेला लागतोच. भाकरी, खजूर आणि पेला समुद्राकडच्या दगडी गडग्यावर ठेवला. तो समुद्रच त्याची कबर.

२४ नोव्हेंबर

भाकरी तशीच. पेला रिकामा, आत मिठाचा पांढरा थर. मजीद म्हणतो, ऊन आणि वारा, चाचा. असेल. पण सकाळपासून माझं काळीज हलकं झालंय.

३० नोव्हेंबर, जुमेरात

आज तांब्या भरून ठेवला. दिवस बुडून मगरिब झाल्यावर बघितलं तर रिकामा. पाण्यातून गडग्यापर्यंत ओली पावलं आलेली. परत गेलेली नाहीत.

बसून खूप रडलो. पोराला तहान होती, आणि आम्ही दोन वर्षं नुसत्या दुवा मागत बसलो.

१ डिसेंबर

हजराबाईने तांब्या बघितला आणि मजीदला हाक मारली. त्याला मध्ये घालून सगळं सांगितलं. दर्यात गेलेल्याच्या नावाने इथे खजूर देतात, ऊद जाळतात. पाणी कोणी देत नाही. खारं पिऊन पिऊन मेलेली माणसं ती. एकाला गोड्याचा वास लागला की सगळी येतात, आणि ती तहान भागत नाही. मडकी त्यासाठीच आत नेतात.

मी मान डोलावली. आता नाही ठेवणार म्हणालो.

३ डिसेंबर

ठेवलं. बापाला कसं राहवेल?

७ डिसेंबर

पावलं पुष्कळ. लहानमोठी. हजराबाईच्या घरातली मडकी कोरडी, आतून मिठाने भरलेली. उत्तरेचा वारा सुटलाय, पडाव येत नाही. टाकी निम्म्याखाली गेली. मी एवढं वाटलेलं नाही.

१० डिसेंबर

वारा पडला, सकाळी धुकं. हजराबाई दारात आली. ओरडली नाही, शिवी दिली नाही, तेच जास्त लागलं. तिचा नवरा आला होता म्हणाली. तिने नावाने हाक मारली, बुरखा वर करून तोंड दाखवलं. मजीदने तिचं बोलणं मला सांगितलं: “तो मला ओळखत नाही, इनायत. पाण्याला ओळखतो.”

तिच्या दंडावर ओल्या बोटांची खूण. तिथलं कातडं सुकटीसारखं आक्रसलेलं.

माझा फजल तसा नाही. तो ओळखेल.

१२ डिसेंबर

टाकी खडखडीत. तळाशी मीठ. बेट सोडताहेत सगळे — होड्या भरल्या — बकऱ्यासुद्धा. मजीद हात धरून ओढत होता. चाचीला मी काय सांगू म्हणाला. सांग की पोराजवळ आहे. शिव्या घातल्या मला, मग गळ्यात पडला. शेवटी खलास म्हणाला आणि गेला. हजराबाईने मागे वळून बघितलं नाही.

माझ्यामुळे झालं हे. लोकांचं बेट —

१३ डिसेंबर

धुकं उठत नाही. जीभ टाळूला चिकटते. अंगणात उभे आहेत. बोलत नाहीत. टाकीला तोंड लावून — चाटतात.

त्यांच्यात तो नाही. अजून नाही.

१४, जुमेरात

आला.

तोच सदरा. रुकैयाने शिवलेला. बाकीचे मागे सरले, त्याला वाट दिली. ओठ फाटलेत रे पोराचे —

द्यायला पाणी नाही. पण माझ्या अंगात असेल थोडं. बापाचंच आहे, पोराने घेतलं तर काय —

दार उघडलं. उंबऱ्यावर आहे. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतो. फजल, मी. बघ इकडे. एकदा फक्त बाबा म्हण, मग घे सगळं —

मनगट धरलं. थंड. फजल, वर बघ, माझ्या तोंडाक