वाटीत एक बटण उरलं तरी

माझ्या गोळ्या कोणत्या डब्यात असतात हे दर वेळी विसरणाऱ्या, पण घराची किल्ली मी कोणत्या खिळ्याला टांगते हे पक्कं ठाऊक असणाऱ्या माझ्या लेकरांनो, हा कागद दोनदा वाचा. एकदा वाचून तुमच्या डोक्यात काही राहत नाही.

मी, या गल्लीतली शिवणवाली आजी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. मला अक्षर येत नाही. सांगते मी, लिहितात शेजारचे निवृत्त टंकलेखक. ते मध्येच विचारतात, ‘आजी, एवढं कडक लिहू?’ लिहा हो. हात आखडता घेऊ नका.

कलम १. हे दोन खोल्यांचं घर मी कपडे शिवून घेतलं, म्हणजे ते स्वकष्टार्जित आहे. ते मी थोरल्याच्या मुलीला, माझ्या नातीला, देत आहे. दोन्ही मुलांचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही.

कारण ऐका. नात मित्रमैत्रिणी जमवून माझ्या कापड बेतायच्या टेबलावर फाशांचा खेळ खेळते. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं नि राक्षसांशी लढायचं. मी म्हातारी ढालवाली झाले. प्रत्येकाला हिट पॉइंट असतात, म्हणजे किती वार सोसता येतील त्याचे गुण. बाकीचे ते कागदावर मांडतात; माझ्यापुढे नातीने बटणांची वाटी ठेवली. वार बसला की बटणं काढायची.

मी पहिल्याच दिवशी भांडले. ‘अगं, एवढे वार खाऊन ही बाई उभी कशी? माणसाच्या अंगात रक्त असतं तरी किती?’

‘आजी, बटण म्हणजे नुसतं रक्त नाही. दम, हिंमत, नशीब, सगळं मिळून. वार चुकवतानाही माणूस खर्च होतोच की.’

‘मग एकच उरलं तर ढाल अर्धी उचलायची?’

‘छे! शेवटच्या बटणापर्यंत पुरत्या ताकदीने लढायचं. बाहेरून काही कळत नाही.’

मी दुसऱ्याचं म्हणणं मान्य केलं. या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

तर पोरांनो, ‘आई चालतीफिरती आहे, ठणठणीत आहे’ म्हणत तुम्ही माझ्या अंगावर तान्ही पोरं टाकलीत, उसवलेले कपडे टाकलेत, तुमची भांडणंही टाकलीत. मशीनचा आवाज येत होता, म्हणून वाटीत कोणी डोकावलं नाही. खेळात झोप झाली की बटणं परत मिळतात. माझी झोप तुम्ही कधी होऊ दिलीत?

कलम २. शिलाई मशीन धाकट्याला नाही. मी हॉस्पिटलात निपचित पडले होते, तेव्हा माझ्या उशाशी त्याने विचारलं, ‘दादा, मशीन भंगारात कोण घेईल?’ थोरला म्हणाला, ‘आधी घराचं बघू. आई आता गेल्यातच जमा.’ माझे डोळे मिटले होते, कान मिटले नव्हते! वाटी रिकामी झाली म्हणजे माणूस मेला असं नाही, मूर्खांनो. खेळातसुद्धा पडलेल्याला सोबती आधी उचलतात, त्याची ढाल वाटून घेत नाहीत. नात तेवढी हात धरून म्हणत होती, ‘आजी, तू फक्त पडली आहेस. मी इथे आहे.’ मशीन तिचं. गंजलं तरी चालेल, भंगारात जाऊ नये.

कलम ३. बँकेतली शिल्लक धाकट्या सुनेला. ‘आई, दमलात का?’ असं तिने एकदा विचारलं होतं, आणि उत्तर ऐकायला थांबलीही होती. पैसे तिने नवऱ्याच्या नजरेस पडू देऊ नयेत.

कलम ४. टेबल या घरातून हलवायचं नाही. ‘म्हातारपणी कसला पोरखेळ’ म्हणत थोरल्याने माझी बटणं केराच्या बादलीत ओतली होती. मी ती वाकून वाकून वेचली. बटणं नातीला. वाटी थोरल्याला, रिकामी.

स्थळ: राहतं घर, बेतायचं टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर
डाव्या अंगठ्याचा ठसा: शिवणवाली आजी
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)
साक्षीदार: समोरच्या दारातली नर्स (सही)

थांबा, कागद मिटू नका. पुढचंही लिहा, त्याखातर इथेच दुसरा अंगठा देते, या दोघांच्या देखत. मी गेल्यावर दर खेळाच्या दिवशी थोरल्याने या टेबलावर गरम पाव आणि उकडलेली अंडी पोचवावीत. कोणाच्या हाती पाठवू नयेत, स्वतः आणावीत. दारात ठेवून पळू नये. आणि नाती, तुझा बाप म्हणेल, ‘मी ठीक आहे, मला भूक नाही.’ ऐकू नकोस. पहिलं अंडं सोलून त्यालाच दे.