हाल्वरच्या बोटीच्या साखळ्या

लून बे, मिनेसोटा
१६ मे १९८८

चि. रागना हिस, हाल्वरचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. बोट पोचली नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या नवऱ्यानं, आल्फनं, ती पास्टर लुंडांच्या रुबार्बच्या वाफ्यातून ओढून पुन्हा तुमच्या कोठारात ठेवली असेल. हिवाळाभर ती तुमच्याकडे सुखात होती, मी नेली आणि हे झालं. पास्टरना सांग, मी फार दिलगीर आहे. ते म्हणाले, काही बिघडलं नाही, रुबार्ब यंदा तसाही जास्त झाला होता. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

रेल्वेच्या फाटकावर दचका बसला आणि ट्रेलरचं तोंड ट्रकच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरून उडालं. दोन्ही साखळ्या जागेवर असत्या तर त्यांनी ट्रेलर धरला असता. पण एक मोकळीच लोंबत होती आणि दुसरी एकटीला भार पेलेना म्हणून तुटली. ट्रेलर सुटलाच तर त्याचा ब्रेक ओढणारी ती बारीक तार आहे ना, ती इमानानं ताणली गेली, म्हणून चर्चची भिंत वाचली.

दोन्ही साखळ्या मी माझ्या हातांनी अडकवल्या होत्या, नेहमीसारखे सात-सात पीळ घालून, असं मी शपथेवर सांगितलं असतं. म्हणजे आता माझ्या शपथेलाही अर्थ उरला नाही. कारिन म्हणते, बाबा, त्र्याहत्तर झाली, आता बोट विका. एरवी मी लेकीवर डाफरलो असतो. या वेळी बरं म्हणालो. तुझी वहिनी मार्गिट गेल्यापासून मला घराबाहेर काढणारं त्या बोटीशिवाय दुसरं काही नाही, पण त्या दिवशी माझं नशीब म्हणून रस्त्यावर कुणी नव्हतं.

चुकलंमाकलं पोटात घाल आणि माया आहे तशी राहू दे.
तुझा,
हाल्वर

हाउगेन कॉर्नर
२१ मे

ती. दादास, रागनाचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. इकडे सर्व क्षेम. बटाटे लावून झाले. चर्चच्या तळघरात बुधवारी कॉफी होती. अकरा जणी ओव्हनमध्ये भाजलेले अकरा हॉटडिश घेऊन आल्या, त्यांतले नऊ एकाच चवीचे होते आणि प्रत्येकीनं दुसरीची कृती मागितली. पास्टरीणबाईंनी उरलेल्या रुबार्बची पाय-पेस्ट्री केली होती. त्यात ट्रेलरचं ग्रीस लागल्यासारखं मला वाटलं, पण सगळे छान म्हणाले म्हणून मीही म्हणाले.

साखळीचं म्हणशील तर साखळी ही वस्तूच तशी. कधी लागते, कधी लागत नाही. त्यावरून माणसानं स्वतःला म्हातारं समजायचं कारण नाही. बोट विकायची घाई करू नकोस. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. जमलं तर.

आल्फ नमस्कार सांगतो. त्याला आठवडाभर जेवण जात नाही, पण ते तुला कळवू नये असं त्यानं बजावलं आहे.

पत्र तुटक वाटलं तरी जीव तुटक नाही, हे ध्यानात असू दे.
तुझी,
रागना

लून बे
२५ मे

चि. रागना हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि बटाटे लागले एवढंच कळलं. बोटीला गिऱ्हाईक मिळालं आहे. भला माणूस दिसतो. ११ जूनला, शनिवारी, तुमच्याकडे येऊन ट्रेलरसकट घेऊन जाईल. कोठार उघडून दे. मी येत नाही, मला बघवणार नाही.

मी निजण्याआधी स्टोव्ह चारदा बघतो. परवा कॉफी प्यायलो की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा प्यायलो, मग झोप येईना. आल्फला म्हणावं, जेव.

मी कसाही वागलो तरी तू आहेस तशीच राहा.
तुझा,
हाल्वर

हाउगेन कॉर्नर
२९ मे

ती. दादास, साष्टांग नमस्कार. आधी खुर्चीवर बस, मग वाच.

तू दोन्ही साखळ्या लावल्या होत्यास. एक मी सोडली.

अकरा वर्षं तू त्यांना पीळ घालतोस, रस्त्याला घासू नयेत म्हणून. ट्रेलरच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की पिळलेली साखळी कमजोर होते. पीळ न घालता साखळ्या ट्रेलरच्या दांड्याखालून एकमेकींवर फुली करून अडकवायच्या, म्हणजे तोंड सुटलं तरी दांडा त्या झोळीत पडतो. वळणापुरती ढील ठेवायची. आपल्या ट्रेलरचा ब्रेक तर ट्रकला मागून ढकलूनच लागतो, त्याला सरकायला जागा हवीच. आणि ब्रेकची तार साखळ्यांपेक्षा ढिली, वेगळी अडकवायची.

पण हे तुला तोंडावर कसं सांगायचं? आपल्या घरात कुणी कुणाला तोंडावर काही सांगितलंय का? आईनं तीस वर्षं बाबांच्या हातचं माशाचं लिबलिबीत लुटेफिस्क 'वेगळंच झालंय' म्हणत गिळलं. म्हणून दरवर्षी तू आत कॉफी घेत असतोस तेव्हा मी गुपचूप सगळं सोडते, नीट बांधते आणि साळसूद चेहऱ्यानं तुला बटाट्याची लेफ्सा-पोळी वाढते.

यंदा एक साखळी सोडली आणि केक जळल्याचा वास आला. आत धावले. परत येते तो तू ट्रकमध्ये, गाडी चालू. 'थांब' एवढा एक शब्द काही फुटला नाही. मी हात हलवला. तूही उलट हात हलवलास आणि गेलास.

आल्फचंही ऐक. ट्रेलरच्या तोंडाची खटकी त्यानं तेल द्यायला उघडली आणि ती बंद ठेवणारी पिन खिशातच राहिली. रविवारी चर्चमध्ये ती दानाच्या ताटलीत खणकन पडली. माझ्याकडे बघून तो इतका पांढरा पडला की मला सगळं समजलं.

तुझे हात शाबूत आहेत, दादा. बोट विकू नकोस. मला खूप रडू आलंय.

लोभ ठेवण्यासारखं मी काही केलं नाही, तरी ठेव.
तुझी,
रागना

लून बे
३ जून

चि. रागना हिस, आशीर्वाद. यंदा जरा कमी.

राग आला. दोन दिवस आला. असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे आणि लिहून बरं वाटलं.

आता माझं ऐक. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं. आल्फ माझ्या कपात कॉफी ओततो आणि आम्ही दोघं तुझी वाकलेली पाठ बघत बसतो. दरवर्षी. तुझी बांधणी माझ्यापेक्षा चांगली, हे मला दुसऱ्याच वर्षी पटलं. पण मी पीळ घालायचं सोडलं असतं तर मी बघतो हे तुला कळून तू ओशाळली असतीस. यंदाही पाहिलं. निघताना मागे जाऊन एकदा बघावं असं मनात आलं होतं. पण मी तपासतोय असं तुला दिसलं असतं. म्हणून तसाच निघालो. तुटली ती साखळी माझ्या पिळाची होती, हेही खरं.

रस्त्यावर ती मोकळी साखळी पाहिली तेव्हाच मला तुझा संशय आला होता. तुला विचारण्यापेक्षा स्वतःला म्हातारा म्हणणं सोपं वाटलं. मग लिहिता लिहिता ते मला खरंच वाटायला लागलं, रागना, आणि मी फार घाबरलो. तुला एक प्रश्न विचारायला नको म्हणून मी बोट विकायला निघालो होतो.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. त्याच शनिवारी, ११ तारखेला, नव्या साखळ्या घेऊन मी येतो. बांध तू, माझ्यादेखत. आल्फनं पिन लावून दाखवायची. मी शेजारी उभा राहीन आणि काही चुकलं तर तोंडावर सांगेन. 

तुझा,
हाल्वर