पेटीत ठेवलेला वसतिगृहाचा कागद

प्रिय सोमेश्वर,

फोनवर बोललो असतो, पण तोडीवरच्या झोपडीत, कोपीत तुमचा फोन मोठ्या आवाजावर असतो आणि तुझी तेजश्री ऐकत बसते. सूनबाईनं, मंगलनं तुझ्या आईला सांगितलं की पोर आता उसाच्या शेंड्याच्या, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. चौथीतली पोर. इथं शेजारच्या सत्यभामाची नातवंडं हंगामी वसतिगृहात राहिलीत, आईबाप तोडीला गेले तरी रोज शाळेत जातात. ती दिसली की मी तोंड फिरवतो.

शाळेतल्या वर्षाराणी बाई दिवाळीआधी वसतिगृहाचा कागद घेऊन घरी आल्या होत्या. तू पाटोद्याला गेलतास. बाई लई गोड बोलल्या. शाळेतलं माणूस गोड बोललं की मी आधी सावध होतो. त्याच आठवड्यात पारावर चाललं होतं की कमी पटाच्या शाळा बंद करायच्यात आणि त्यासाठी गावाच्या सह्या गोळा होतायत. बाईंच्या कागदावर माझ्या डोळ्यांना न लागणारं बारीक अक्षर, खाली सहीला रिकामी जागा. त्या वाचून दाखवत होत्या, पण वाचतात तेच लिहिलंय कशावरून?

हसू नको. निजामाच्या राज्यात मी मैनुद्दीन मास्तरांकडं उर्दूतून दुसरीत होतो. राज्य गेलं, देशाची नवी शाळा आली, नवे मास्तर आले. तेही गोड बोलले आणि माझ्या बापाचा कागदावर अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी मला मराठी पहिलीत बसवलं, बारक्या पोरांत. ती मला घोडा म्हणायची. कशीबशी चौथी गाठली आणि औत धरलं. तो कागद आमच्या भल्याचाच होता, हे आता कळतं. तेव्हा मनात एकच बसलं, की अंगठा दिला की शाळा जाते.

जागा भरल्या, बाईंनी आपलं नाव घेतलं नाही, असं मी तुला सांगितलं. तोडीला निघताना तू त्यांना चारचौघांत नको ते बोललास. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि गप्प राहिल्या. त्या कशापायी गप्प राहिल्या, याचाही मला महिनाभर संशय येत होता.

खरं असं, की बाईंना मीच म्हणालो होतो, "सोमेश्वर न्हाई म्हणतोय." कागद माझ्या पेटीत होता. गेल्या बाजारी तलवाड्यात इरशाद मेकॅनिककडून दोनदा वाचून घेतला. शाळा बंद करायचं त्यात अक्षरही नाही. पोरीनं गावात राहून शिकावं, एवढंच. शाळा वाचवायला गेलो आणि आपलीच पोर शाळेतून घालवली. काल बाईंपुढं सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "आबा, एक जागा सोमवारपर्यंत ठेवते. पोरीला आणा." सही मी तिथंच केली. मंगलचा भाऊ धर्मराज ही चिठ्ठी घेऊन येतोय, त्याच्याबरोबर तेजश्रीला पाठव. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आणि बाईंना तू स्वतः एक फोन कर. ते तुझ्या वतीनं मला जमणार नाही.

तुझाच, वाटेकडं डोळे लावून बसलेला
आबा