टेस्टर गप्प होता

विश्रांतवाडी, पुणे
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्तोबा,

नमस्कार. आनंदीवहिनींना सलाम सांग.

रविराजच्या अपघाताचा अहवाल तयार झाला. चौकशी अधिकारी शेफाली मॅडमनी आज दुपारी फोनवर तसं सांगितलं. 'केबलचं अर्थिंग न करता कर्मचाऱ्याने हात लावला. चूक कर्मचाऱ्याची,' एवढं त्यांनी वाचून दाखवलं. उद्या सकाळी दहाला त्या हॉस्पिटलात येतील. उजवा हात बँडेजमध्ये आहे, म्हणून चूक मान्य असल्याच्या कागदावर सहीऐवजी त्याचा डावा अंगठा घेतील. मग प्रकरण बंद.

तुझं बीपी कसं आहे? गोळी चुकवू नकोस. आमचा फैज पत्र घेऊन कात्रजला येतोय, त्याच्याबरोबर घरून नसीमबानूने खिचडी दिली आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मला तेच हवं असतं, सांगायचं ते राहून जातं.

मंगळवारी वॉर्डात तू रविराजला म्हणालास, "एवढा इंजिनियर झालास आणि अर्थिंग कळलं नाही? आम्ही आयटीआयवाल्यांनी तीस वर्षं तारा हाताळल्या, एक फोड नाही!" तो नुसता म्हणाला, "चुकलं, बाबा." मग तू माझा हात धरलास. "हा मन्सूर छाती दाबत राहिला म्हणून पोरगं वाचलं," असं नर्सलासुद्धा सांगितलंस. मी चहाचं निमित्त करून खाली गेलो.

त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, आठवणारही नाही. सांगणारा मी एकटाच.

निवृत्तीनंतर मी वाघोलीपलीकडच्या त्या खासगी यार्डात सुपरवायझर झालो, हे तुला माहीत आहेच. तिथे डीसीच्या लांब केबल तपासतात. तिथेच इंजिनियर असलेला रविराज पहिल्या दिवसापासून मला समजावायचा. "चाचा, तुमचा एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि दिशा बदलतो. डीसी एकाच दिशेने जातो. हजार किलोमीटर वीज न्यायची तर वाटेत गळती कमी. पण बंद केल्यावरही केबलमध्ये वीज भरलेली राहते, ती जमिनीत सोडावी लागते. आधी अर्थिंग, मग हात." मी म्हणायचो, "बाळ, तू जन्मला नव्हतास तेव्हा मी पोलवर होतो." सगळे हसायचे. तोही.

जबाबात मी लिहिलं, की मी पोचण्याआधीच त्याने हात लावला होता.

दत्तोबा, मी तिथेच होतो.

३ तारखेला दुपारी सप्लाय बंद केला. तो अर्थिंगची काठी आणायला वळला. मी माझा टेस्टर केबलच्या टोकाजवळ धरला. आपण दोघांनी जन्मभर वापरला तोच, तार जिवंत असली की नुसता जवळ नेला तरी शिट्टी वाजवणारा. वाजला नाही.

"चाचा, हा एसीचा आहे. डीसीला बोलत नाही."

"तुझ्या बापाचा जीव याच्यावर तगला. काठी कशाला, जेवायची वेळ झाली. घाल हात."

त्याने काठीकडे पाहिलं. मग मला वाईट वाटू नये म्हणून हसला, आणि हात घातला.

जबाब लिहून दिला त्या दिवशी तो व्हेंटिलेटरवर होता. हा काही उठत नाही, असं मला वाटलं. मेलेल्याला कोण कामावरून काढणार, असा हिशेब मी केला. हो, तुझ्या मुलाबद्दल केला.

आज मॅडमना म्हटलं, मला जबाब बदलायचाय. त्या म्हणाल्या, "मुदत बुधवारी संपली. रविराजने स्वतः नकार दिला तरच चौकशी पुन्हा उघडेल." लगेच त्याला फोन लावला. तुझ्या सुनेने, तेजस्विनीने, फोन त्याच्या कानाशी धरला. म्हटलं, "उद्या अंगठा देऊ नकोस." तो म्हणाला, "चाचा, माझ्यासाठी आता खोटं बोलू नका. तुम्ही आधीच खूप केलंत." खरं काय ते न सांगताच मी फोन ठेवला.

माझं तो ऐकणार नाही. तू सांगितलंस तर ऐकेल. अंगठा दिला की त्याला विजेच्या कामावर पुन्हा कोणी उभं करणार नाही. वय सव्वीस. मी पाया पडतो, दत्तोबा, त्याला थांबव. मला शिव्या नंतर दे, हव्या तेवढ्या दे.

उद्या नऊला हॉस्पिटलात ये. हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव. मी वॉर्डाच्या दाराशी उभा असेन. आत घ्यायचं की घालवून द्यायचं, ते तू ठरव. दहाला मॅडम येतील आणि त्याला विचारतील, चूक मान्य आहे का?

हे पत्र मॅडमच्या हातात देता यावं म्हणून खाली पूर्ण नावाने सही करतो आहे.

मन्सूर इब्राहिम शेख
सुपरवायझर, ३ नोव्हेंबरला जागेवर हजर