माझ्या चेहऱ्याचा वारस

मी जॉब पेन्फोल्ड, राहणार हॉबर्न, लंडन, धंदा तांब्याच्या पत्र्यांवरून चित्रे छापणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे; बिघडली आहे ती फक्त छाती. कोणी मला भरीला घातलेले नाही, दारू पाजलेली नाही. आणि मी जन्माने इंग्रज आहे. हे शेवटचे वाक्य मृत्युपत्रात लागत नाही, असे वकिलाचा कारकून म्हणाला. मला लागते.

कलम एक. माझा पलंग, भिंतीवरचे घड्याळ आणि माझी दिवंगत पत्नी डॉर्कस हिची कथलाची ताटे माझा एकुलता एक मुलगा गिडियन याला मिळावीत. घड्याळ मागे पडते, ते त्याला ठाऊक आहे.

कलम दोन. डॉर्कसचा भाऊ हम्फ्री टॅपसेल, चित्रे कोरणारा, याला मी काहीही देत नाही. निदान आरसा द्यावा, स्वतःचे नाक बघून त्यावरही त्याने एखादा पत्रा झिजवावा, असे मनात होते. पण ज्याला काही मिळते तो साक्षीला चालत नाही म्हणतात, आणि मला तो साक्षीला हवा आहे. हे सगळे त्याला वाचायला लावायचे आहे.

फ्रान्समध्ये लोक राजावर उठले तेव्हा आमच्या मालकाला फ्रेंच माणसाची चित्रे हवी झाली. उपाशी, फाटका, लाकडी जोडे घातलेला, कच्चा कांदा खाणारा. हम्फ्रीने फ्रेंच माणूस पाहिलेला नव्हता. त्याने मला पाहिले. मी कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नाही. गाल बसलेले, नाक लांब. "दाजी, जरा हा कांदा धरा," म्हणाला. बायकोचा भाऊ, नाही कसे म्हणायचे?

चित्र धो धो खपले. मग काय, मुंडकी उडवणाऱ्या यंत्राची दोरी ओढतो तो मी, गोगलगाई चघळतो तो मी, आणि गेल्या महिन्यात तराफ्यावर बसून इंग्लंडवर चालून आलो तोही मीच. समोर नेहमीचा लठ्ठ, गुलाबी इंग्रज, मांसाचा तुकडा चापत बसलेला. आणि हे पत्रे छापायचे कोणी? मीच. रोज स्वतःच्या तोंडाला काळी शाई फासायची, तळहाताने पुसायची, वर कागद दाबायचा. असा धंदा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

ही चित्रे लावलेल्या दुकानाच्या काचेपुढे लोक हसत उभे असतात. मी मागून गेलो की वळून बघतात आणि मग अंगावर चिखल येतो. एकदा तर फ्रेंचांचा हेर म्हणून धरले. मॅजिस्ट्रेटने ते चित्र माझ्या कानाशी धरून ताडून पाहिले. मी म्हणालो, साहेब, चित्रातल्याच्या उजव्या गालावर तीळ आहे, माझा डाव्या गालावर. त्याची मान हलली, मी सुटलोच होतो. पण आम्हा छापणाऱ्यांची खोड! पत्र्यावर सुलटे कोरले तर कागदावर उलटे उतरते, हम्फ्री घाईत ते विसरतो, हा त्याचा आळस आहे, असे मी पुढे समजावून सांगितले. "म्हणजे तो तूच," मॅजिस्ट्रेट म्हणाला आणि मला आत टाकले. मालक हसत हसत सोडवायला आला.

हे सगळे मी गिळले. पण डॉर्कसला पुरायला नेत होतो तेव्हा कोणीतरी सडका सलगम फेकला, तो माझ्यावर न पडता तिच्या पेटीवर पडला. हे मी हम्फ्रीला माफ केलेले नाही, करणारही नाही.

कलम तीन. खालच्या मजल्यावरचे फादर मार्साक हे जीव वाचवून पळून आलेले खरेखुरे फ्रेंच धर्मगुरू आहेत. गोल, गुलाबी, मांसावर ताव मारणारे. रस्त्यात लोक त्यांना टोपी काढून सलाम करतात! त्या दिवशी ती पेटी त्यांनी आपल्या बाहीने पुसली. तेही साक्षीदार, म्हणून त्यांना देता येतात ते फक्त आभार.

कलम चार. माझी सगळी शिल्लक गिडियनला, पण एका अटीवर. त्याचा चेहरा हुबेहूब माझा आहे. त्याने हम्फ्रीपुढे, किंवा कोणत्याही चित्रे कोरणाऱ्यापुढे, कधीही बसू नये. बसला तर सगळे पैसे चर्चच्या गरिबांना जावेत. माझे हाल माझ्याबरोबर संपावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

इथवर लिहून मी साक्षीदारांना आणि गिडियनला बोलावले. हम्फ्रीने वाचले, शरमेने मान खाली घातली, असे वाटले. मान वर केली तेव्हा तो गिडियनकडे बघत होता.

"खिडकीपाशी उभा राहा रे जरा," खिशातून पेन्सिल काढत तो म्हणाला.

आणि गिडियन उभा राहिला. मी संतापलो, खोकल्याने बोलता येईना. कलम चारवर बोट ठेवले.

"बाबा, वाचलंय मी," तो म्हणाला. "पण सकाळी पाव आणायला गेलो तर चिखल बसलाच की. मी कुणापुढे बसलो नव्हतो. मामांनी काढलं काय नि नाही काढलं काय, लोकांना फ्रेंच माणूस असाच दिसतो आता."

फादर मार्साक खाली बघत राहिले. हम्फ्रीच्याही हातातली पेन्सिल थांबली. मी कलम चारवरचे बोट उचलले आणि लेखणी घेतली.

म्हणून कलम चारमधील अट मी माझ्या हाताने खोडतो. शिल्लक गिडियनला बिनशर्त मिळावी.

कलम पाच. माझा तपकिरी कोटही त्यालाच द्यावा. त्याची कॉलर उंच आणि जाड आहे. ती वर करून चालले की चिखल मानेच्या आत उतरत नाही.

सही: जॉब पेन्फोल्ड
साक्षीदार: हम्फ्री टॅपसेल
साक्षीदार: आन्त्वान मार्साक, धर्मगुरू
हॉबर्न, लंडन, ९ फेब्रुवारी १७९८