न अडखळणारा तोतया

चि. भाचीबाई वकील यांस, घड्याळवाल्या मामाचे भरभरून आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल आणि कोर्टात आवाज पुन्हा खणखणत असेल असं धरून चालतो. आम्ही दोघं बरी आहोत. जिना चढताना तुझ्या मामीचा गुडघा तेवढा तिच्याआधी बोलतो.

पत्र लिहितोय ते आभार मानायला. (फोनवर मानले असते, पण ‘आ’ संपून ‘भार’ येईपर्यंत तुझी कोर्टाची वेळ झाली असती.) त्या सकाळी समोरचा औषधवाला दुकानात शिरला आणि माझा हात हातात घेऊन विचारू लागला की, जन्माचं तोतरेपण गेलं, डॉक्टर कोण गाठलास? त्याच्या फोनवर मी होतो. माझंच दुकान, माझाच चष्मा, डोळ्याला भिंगसुद्धा. आणि नगरपालिकेच्या एका उमेदवाराची मी सलग दोन मिनिटं स्तुती करत होतो. कुठे ठेच नाही, धाप नाही. ज्या गृहस्थाचं तोंड मी फक्त भिंतीवरच्या पत्रकात पाहिलेलं, त्याचा मी जिवलग निघालो. दुपारपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं अभिनंदन करून गेली, आणि उरलेली निम्मी, विरुद्ध बाजूची, आपापली घड्याळं बंदच्या बंद परत घेऊन गेली. मी प्रत्येकाला ‘व्हिडिओत मी नाही’ सांगत होतो, पण ‘व्हिडिओत मी’ एवढं बाहेर पडलं की लोक मान डोलावून चालू लागत.

मग तूच सांगितलंस की राज्यानं डीपफेकवर, म्हणजे संगणकानं हुबेहूब बनवलेल्या खोट्या व्हिडिओंवर, नवा कायदा केलाय. निवडणुकीत असा व्हिडिओ ‘बनावट’ अशी पाटी न लावता फिरवणं गुन्हा आहे, आणि तक्रार केली की दोन दिवसांत उतरवावा लागतो. गेलो तक्रारी घेणाऱ्या कचेरीत. तिथे नियम असा, की तक्रारदाराचा जबाब त्याच्याच शब्दांत घ्यायचा, दुसऱ्यानं शब्द पुरवायचा नाही. अगं, उभा जन्म लोकांनी माझी वाक्यं पुरी केली. (औषधवाल्याकडे डोळ्यांचे थेंब मागायला गेलो, तर ‘डो’वरच त्यानं डोकेदुखीच्या गोळ्या बांधल्या. तक्रार करायची म्हणजे पुन्हा बोलणं आलं, म्हणून गोळ्या घेऊन आलो.) कचेरीतला कारकून सवयीनं मदतीला धावला, तेव्हा अधिकारीबाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि मला म्हणाल्या, “सावकाश सांगा. मी थांबते.”

चार वाक्यांना पाऊण तास लागला. बाईंचा चहा गार झाला, पण पेन काही त्यांनी खाली ठेवलं नाही. शेवटी फॉर्मवरचा प्रश्न त्यांनी वाचला: व्हिडिओ खोटा असल्याचा पुरावा काय? मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, “राहू द्या. तो मी पाऊण तास ऐकलाय.”

बाहेर पायरीवर बसून मी थोडा रडलो, हे मामीला कळवू नकोस. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ उतरला, घड्याळंही हळूहळू परत आली. कायदा कोणी लिहिला मला ठाऊक नाही, पण तो शब्द न पुरवण्याचा नियम लिहिणाऱ्याचं घड्याळ मी जन्मभर फुकट दुरुस्त करीन.

तुझा, जिभेनं मागे पण लेखणीनं सुसाट,
मामा

ता.क. मामीच्या फोनमध्ये एक प्रत अजून आहे. आवाज बंद करून बघते. म्हणते, बोलणं परक्याचं आहे, पण बोलताना तुमचं कपाळ इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. एवढ्यानं गुन्हा होतो का?

दुसरा ता.क. व्यापारी मंडळानं या कायद्यावर मला भाषण करायला सांगितलंय. (‘नाही’चा ‘ना’ अडकला, तोवर त्यांनी होकार लिहूनही घेतला.) रविवारी ये आणि पहिल्या रांगेत बस. भाषण पाच मिनिटांचं आहे. सहाला सुरू होईल, साडेसातपर्यंत दुसरं काही ठेवू नकोस. मी अडलो तर शब्द सुचवू नकोस. नुसती बस.