चहा-बिस्किटांवरची मनी

११ जून
चावली! मनगटावर दातांचा ठसा उमटलाय. निमित्त काय, तर तिचे केस विंचरत होते. हे जिन्यातूनच ओरडले, "मनी!" ह्यांच्या लेकीचं खरं नाव वेगळंच, बोचकारते म्हणून हे नाव पडलं. हिची आई जाऊन दोन वर्षं झाली, मी लग्न होऊन या घरात आले ती याच उन्हाळ्यात. मला काकू म्हणते — म्हणजे, म्हणावंच लागलं तर.

१४ जून
शाळेतून बोलावणं. मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ह्यांच्याबरोबर गेले. बाई म्हणाल्या, "बाकावर डोकं टेकून पडलेली असते. उठवलं की अंगावर येते. दुसरीत आली तरी अक्षरं लागत नाहीत. आणि खडू खाते हो!"
परतताना हे म्हणाले, "सहामाही झाली की हॉस्टेलला टाकू. तू तरी किती सोसशील?" मनी पुढे चालली होती — भिंतीला बोट घासत, बोट चाटत. चुना!

१५ जून
डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून दाखवली. आत पांढरं फटक. "खाते काय?" मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी जमिनीकडे. ह्यांचं लिफ्टदुरुस्तीचं काम, कधीही बोलावणं. मी येईपर्यंत या घरात गॅस पेटायचा तो चहापुरता. मनीला अजूनही तेच लागतं, चहा आणि बिस्किटं!
रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फारच कमी. "पोर वाईट नाही. उपाशी आहे."
ह्यांना झोंबलं. "पोटभर खाते ती!"
"पोट भरतं हो. अंगी काय लागतं?"
औषध दिलंय. चहा बंद. डाळ, पालेभाजी, अंडं, वर लिंबू पिळून.

१६ जून
अंडं भिंतीवर. डाळ माझ्या अंगावर. चहासाठी घसा फाडून रडली. शेजारच्या आजी दारातून म्हणाल्या, "सावत्र ती सावत्रच." गिळलं. मला सगळं पचतं!

२३ जून
युक्ती सापडली. तिला वाढायचंच नाही! माझंच ताट मधे ठेवते, जेवते, आणि पंख्याकडे बघत बसते. बारका हात येतो, घास नेतो. पंख्याला जळमटं फार झालीत.

९ जुलै
खडू खात नाही आता. विचारलं तर म्हणाली, "शी! घाण लागतो तो." जणू कधी तोंडात घातलाच नव्हता!

२ ऑगस्ट
लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद. मनीला उचलायला वाकले, तर ही पळाली वर! दोन जिने चढून गेली की धाप लागायची हिला. आज वरून कठड्यावर वाकून ओरडली, "काकू, चला ना!" गाल लाल. माझेच पाय मधे थबकले.

३० ऑगस्ट
शाळा सुटल्यावर दुकानात आली. डोळे तपासायचा तक्ता दिसला आणि उभी राहून वाचायला लागली. मोठी अक्षरं, मग लहान, मग मुंगीएवढी. अडखळली. "थांबा, सांगू नका!" — परत वाचलं. चिडली नाही, फेकलं नाही काही! मालक म्हणाले, "नजर चांगली आहे पोरीची." नजर होतीच हो.
औषध आहे, शाळेतल्या बाईंची मेहनत आहे, मान्य. पण मसुराची अक्षरं कशी होतात? पालकाच्या भाजीचा धीर कसा होतो? एवढ्याशा देहात हे कोण करतं, कुठे करतं? पातेलं घासताना आज हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

१९ सप्टेंबर
सहामाही संपली. मीच विषय काढला — "हॉस्टेलचं काय?" हे म्हणाले, "कुठलं हॉस्टेल?" आणि तिच्यासाठी अंडं सोलायला बसले. निम्मं अंडं टरफलाबरोबरच गेलं.

४ ऑक्टोबर
जेवायची ताटं मांडता मांडता मनीने विचारलं, "आई आता कधीच येणार नाही?" आणि रडली. आई गेली तेव्हा डोळ्यांत थेंबही आला नव्हता, असं हे सांगतात. नुसती बसून होती, भिंतीला टेकून. आज आम्ही दोघांनी धरलं तरी आवरेना. रडायलाही अंगात बळ लागतं — एवढं साधं, आणि मला ठाऊक नव्हतं! शेवटी माझ्या पदराला नाक पुसून म्हणाली, "काकू, आईला काय आवडायचं खायला? ते करा उद्या."